अधिक धरून चौदा महिने

आयर्लंडमधल्या स्लायगोत पाठीला सॅक अडकवलेला सावळा माणूस दिसला की लोक त्याला विद्यार्थी समजतात. मग त्याचं वय विशीतलं असो की पन्नाशीतलं. कॉलेजचं गाव आहे, दर सप्टेंबरला आमच्यासारख्यांचा लोंढा येतो, आणि गावाला त्याची सवय झालेली आहे. तिथे राहूनही ही गोष्ट माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. ज्याला तिची गरज होती त्या माणसाला ती दोन दिवसांत कळली.

मी पुण्याची. डेटा ॲनालिटिक्समध्ये एम.एस्सी. करायला गेले होते आणि स्वतःबद्दल माझं मत तेव्हा फारच चांगलं होतं. एक्सेलमध्ये बसवता येणार नाही असं जगात काही नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे. रूममेट मला 'हेडबाई' म्हणायची, कारण स्वयंपाकघरातल्या प्रेसला, म्हणजे कपाटाला, कुठलं भांडं कुठे ठेवायचं याची यादी मी चिकटवली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या याच स्वभावाने पुढे एका माणसाला बुडवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

एप्रिल होता, परीक्षा तोंडावर आलेल्या. लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलाशी एक गृहस्थ रोज बसलेले दिसायचे. पंचेचाळिशीचे असतील. अंगात दोन मापं मोठा राखाडी ओव्हरकोट, खुर्चीला निळी सॅक, समोर एकच जाडजूड चित्रांचं पुस्तक. उजवा हात कायम खिशात, पानं डाव्या हाताने उलटायची. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले ते लॅपटॉपच्या सॉकेटसाठी. त्यांनी पान उलटलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "बांगडा." पुढचं पान. "पाकट." आणखी एक. "मुशी."

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, पण हे शब्द कुठल्या किनाऱ्यावरचे आहेत एवढं मलाही कळत होतं. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "अय्या, तुम्ही मराठी?"

त्यांनी पुस्तक मिटलं, सॅक उचलली आणि निघून गेले. धावले नाहीत. अगदी सावकाश, घड्याळ बघत, लेक्चरला उशीर झालेल्या माणसासारखे गेले. "धावलं की लोक बगतात," हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

दोन दिवस ते आले नाहीत. मला चैन पडेना. मराठी माणूस मराठी ऐकून पळतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर, त्या माशांच्या पुस्तकाशेजारी, पोह्यांचा स्टीलचा डबा ठेवला आणि खाली चिठ्ठी: 'काका, मी पुण्याची. कोणाला काही सांगणार नाही.' दुसऱ्या दिवशी डबा त्याच जागी होता. घासून पुसून लख्ख. उघडला तर आत कॅफेतल्या साखरेच्या दोन पुड्या. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत त्यांनी तिथेही पाळली होती. 

त्यानंतर चार दिवसांनी, नदीकाठच्या बाकावर, त्यांनी मला सगळं सांगितलं.

काका रत्नागिरीकडचे खलाशी. लेकीचं लग्न नुकतंच झालेलं. मुंबईच्या एका एजंटाने युरोपातल्या बोटीवर काम आहे म्हणून त्यांना पाठवलं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात ते उतरले, बोटीच्या मालकाने धक्क्यावरच पासपोर्ट मागून घेतला, आणि तो त्यांना पुन्हा दिसला नाही. त्यानंतर ते जमिनीवर आले नाहीत. बोट बंदरात असली तरी झोपायचं बोटीतच. बाकीचे खलाशी येत, दोनचार फेऱ्या करून जात. काका तिथेच. पगाराचं नाव काढलं की मालक म्हणे, तुझ्याकडे कागद नाही, खाली उतरलास की पोलीस धरतील. मारलंही. नाव विचारायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत, शिट्टी मारून बोलावायचा.

"कुत्र्याला बी नाव असतं, ताई," काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

मग त्यांनी उजवा हात पहिल्यांदा खिशातून काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावर संपलेलं होतं. जाळं ओढायच्या यंत्रात सापडलं होतं. डॉक्टर नाही, फडकं बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा काम.

"मग सुटलात कसे?"

यावर ते पहिल्यांदा हसले. "सुटलो कसला. पान्यानं आनून सोडलं."

ते कसं, हे समजायला मला दोनदा ऐकावं लागलं. धक्का दगडी आणि उंच. ओहोटीला बोट त्याच्या कितीतरी खाली जायची, आणि वर यायला एकच लोखंडी शिडी, तीही मालकाच्या केबिनच्या खिडकीसमोर. अर्ध्या हाताने ती शेवाळलेली शिडी भरभर चढणं शक्य नव्हतं. पण पाणी चढतं तशी बोटही चढते. वर्षातून दोनचारदाच येणाऱ्या मोठ्या उधाणाला, भरती पूर्ण झाली की, बोटीचा काठ धक्क्याला अगदी लागेल, तेवढाच थोडा वेळ. त्या वेळी बोट बंदरात असायला हवी आणि मालक झोपलेला. तीन उधाणं हुकली. एकदा बोट समुद्रावर होती, एकदा मालक जागा होता, एकदा वारं उलटं होतं. चौथं आलं शिमग्याच्या पुनवेला, सकाळी सहाला. आकाश ढगांनी गच्च, चंद्र दिसत नव्हता. पण काकांना तिथी ठाऊक होती.

"पाऊल टाकलं न् आलो," ते म्हणाले. "जिन्याची एक पायरी चढावी तसा."

 गावाकडे शिमग्याची पालखी नाचत असणार त्या दिवशी, आणि हा माणूस समुद्राने बोट वर उचलायची वाट बघत कठड्याशी उभा.

तिथून चालत मुख्य रस्ता, मग एका भल्या बसड्रायव्हरने काही न विचारता आत घेतलं. बस स्लायगोत संपली. गावाबाहेर एका म्हाताऱ्या बाईंना कचऱ्याचा डबा उतारावर आवरेना, तो काकांनी धरला. बाईंनी विचारलं, स्टुडंट का? काकांनी मान हलवली. "तेवढं एकच खोटं बोललो." बाईंनी त्यांना परसातली खोली दिली, गेलेल्या नवऱ्याचा कोट दिला, नातवाची जुनी सॅक दिली. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, अभ्यास कसा चाललाय? काका म्हणायचे, "ग्रँड." आयर्लंडमध्ये एवढा एक शब्द आला की माणसाचं निभतं.

पण असं किती दिवस चालणार? पासपोर्ट मालकाकडे. गावाला जायचं तर कागद नाही, राहायचं तर कागद नाही. काकांना विचारून, चौकशी करून मी अशा लोकांना मदत करणारी एक संस्था शोधली. तिथल्या बाईंनी सगळं समजावलं: काकांनी अधिकाऱ्यांसमोर जबाब द्यायचा, तो खरा ठरला तर पासपोर्ट परत मिळवून देतील, राहायची परवानगी मिळेल, मालकावर खटला होईल. खोटा ठरला तर काहीच नाही. संस्थेने कळवल्यावर अधिकाऱ्यांनी मालकाला आधीच विचारलं होतं आणि त्याने सांगून टाकलं होतं की असा एक माणूस दयेपोटी दोन आठवडे बोटीवर ठेवला होता, काम काही करत नव्हता, मग निघून गेला.

हे मी काकांना सांगितलं. खटल्याचं, परवानगीचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'दोन आठवडे' ऐकून मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"चौदा महिने," ते म्हणाले. "अधिक धरून चौदा महिने. हे त्यानं कबूल केलं पायजे. बाकी काय नाय दिलं तरी चालंल."

आणि मग मी कामाला लागले. मराठी दुभाषी मिळत नव्हता, तो मान माझ्याकडे आला. जबाब म्हणजे तोंडी परीक्षा, आणि तोंडी परीक्षेची तयारी करून घेण्यात आम्हा पुण्याच्या मुलींचा हात कोण धरणार! मी फाईल केली, रंगीत कप्पे केले. काकांना रोज लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसवून मी मुद्दे लिहून घेतले, ते इंग्रजीत करून त्यांच्याकडून घोटून घेतले. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस, ज्याच्या पाठीवर वळ होते, माझ्यापुढे शाळकरी मुलासारखा हात बांधून बसायचा. मला आता आठवलं की लाज वाटते.

सगळ्यात पंचाईत होती तारखांची. काका एकही तारीख सांगत नसत. त्यांच्याजवळ फोन नव्हता, बोटीवर कॅलेंडर नव्हतं. बोटीवर चढले ती माघी पौर्णिमा. हाताला लागलं ती वैशाख वद्य अष्टमी. मोठं वादळ कार्तिकात. "कुठला अधिकारी हे ऐकून घेणार आहे, काका?" मी म्हटलं. "तारखा पाहिजेत." आणि त्या मी एक्सेलमध्ये काढल्या. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, शिमग्याची तारीख माहीत, तिथून मागे वजाबाकी. एक फॉर्म्युला, एकदा खाली ओढला, संपलं. काकांनी स्क्रीनवरच्या त्या रांगांकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, "अधिक धरलात ना, ताई?"

"हो हो," मी म्हटलं. मी तेव्हा रकाने रंगवत होते.

जबाब जूनमध्ये झाला. अधिकारी बाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, समोर फायलींचा गठ्ठा. आम्हाला चहा दिला, पावसाबद्दल दोन वाक्यं बोलल्या. काकांनी सुरुवात केली आणि मी पाठ करून घेतलेलं सगळं ते घडाघडा म्हणू लागले. पहिली पाच मिनिटं मला अभिमान वाटत होता. मग लक्षात आलं की बाईंचं पेन थांबलंय. त्या काकांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

त्यांनी तारखांचा तक्ता पुढे ओढला. "हाताला दुखापत, अकरा जून," त्यांनी वाचलं. "बोट समुद्रावर होती?"

मी भाषांतर केलं. काका म्हणाले, होती.

बाईंनी बंदराच्या नोंदीचा कागद काढला. त्या पूर्ण जून महिन्यात बोट दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढलेली होती. मग त्यांनी तक्त्यातली दुसरी तारीख तपासली, तिसरी तपासली. पहिल्या सहा महिन्यांतली एकही जुळत नव्हती. बाईंनी कागद खाली ठेवले. चिडल्या नव्हत्या. थकल्या होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, "हे असं राहिलं तर याचा काही उपयोग होणार नाही. तुम्हाला कळतंय ना?"

  भाषांतर करायचं मी विसरले.

काकांना इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि तक्ता मी त्यांना कधी वाचून दाखवला नव्हता, पण महिन्यांची नावं त्यांना येत होती. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जून कसा? मे. वैशाख होता." मग अगदी मऊ आवाजात, "अधिक धरला नाय तुमी."

धरला नव्हता. त्या वर्षी श्रावण अधिक होता. महिन्यांची नावं बारा, पण वर्ष तेरा महिन्यांचं. माझ्या फॉर्म्युल्याला ते माहीत नव्हतं आणि मला आठवलं नव्हतं. अधिकाच्या आधीची प्रत्येक तारीख महिनाभर पुढे सरकली होती. माझ्या आईला फोन केला असता तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं. घरच्या भिंतीवर तिथींचं कॅलेंडर असलेल्या मराठी माणसाने, पंचांग शाळेत शिकलेल्या मुलीने, ही चूक करावी!

मी बाईंना सगळं खरं सांगितलं. तारखा यांच्या नाहीत, माझ्या आहेत. हे फक्त चंद्राची तिथी सांगतात. मी ती चुकीची मोजली.  कोणीही हे ऐकून म्हणालं असतं की दुभाषी बाई आता कहाणी सावरून घेतेय.

अधिकारी बाईंनी मला थांबवलं. काकांकडे बघून त्यांनी विचारलं, "हात चिरडला त्या वेळी पाणी कसं होतं?"

मी जन्मात असा प्रश्न ऐकला नव्हता. काकांच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच कोणीतरी सरळ बोललं असा भाव आला.

"भांग होती. मेलेलं पानी," ते म्हणाले, आणि मी समजून घेत सांगत गेले: अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीत फरक फार थोडा असतो, पाण्याला जोर नसतो. "भरती दुपारी बाराची. आमच्याकडं अष्टमीला सहाला येती न् अवसेला बाराला. हितं उलटं हाय. अवसेला सहा, अष्टमीला बारा. पयल्या महिन्यात दोराला खुना बगून बगून समजलं." बंदरात बोट बांधायच्या दोराला पाणी कुठवर ओलं करतं यावरून त्यांनी ते ठरवलं होतं. ढग असले तरी.

बाई उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हातात एक पातळ पुस्तिका होती, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते तशी, मागच्या वर्षीची भरती-ओहोटीची कोष्टकं. त्यांचे वडील डोनेगलच्या किनाऱ्यावरचे मच्छिमार होते, हे त्या पुस्तिका चाळता चाळता म्हणाल्या. मे महिना. अंधारा पंधरवडा, अर्धा चंद्र. भरती दुपारी बाराच्या सुमाराला, उंची अगदी कमी. मग बंदराची नोंद. त्याच संध्याकाळी बोट धक्क्याला लागल्याची.

बाईंनी माझी रंगीत फाईल बंद करून बाजूला सारली. "त्यांना म्हणावं, हे विसरा. बोट जेव्हा जेव्हा बंदरात आली ते पहिल्यापासून सांगा. तुमच्या पद्धतीनं. मी तारीख सांगणार नाही."

काकांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. अंगठा बोटांच्या पेरांवर टेकत टेकत त्यांनी मोजायला सुरुवात केली, आपण सगळे मोजतो तसं. माघी पुनव, चढलो. माघ वद्य चतुर्थीला पहिल्यांदा परत, अर्धी भरती सरलेली, तळ लागता लागता राहिला. फाल्गुन शुद्ध द्वितीया, पाणी भरपूर, सरळ आत. करंगळी आणि शेजारच्या बोटाशी आल्यावर अंगठा नसलेल्या पेरांच्या जागीही हवेत टेकायचा आणि पुढे जायचा. तीही मोजणीत होती. चैत्र. वैशाख. मी 'अमावास्येनंतर तिसरा दिवस', 'पौर्णिमेच्या आदला दिवस' असं सांगत होते, बाई पुस्तिकेत आणि नोंदीत बोट फिरवत होत्या आणि कागदावर बारीक खुणा करत होत्या. ज्येष्ठात बोट पाण्याबाहेर, मालकाच्या कुलूपबंद शेडमध्ये, काका आतच; आषाढात परत पाण्यात. मग अधिक. मग श्रावण.

आश्विनात ते थांबले. "एक फेरी आठवत नाय," म्हणाले. "ताप होता. सात दिवसांचं पानी बगितलं नाय मी."

मी तेही तसंच सांगितलं. बाईंनी मान हलवून ते लिहून घेतलं. मी घोटून घेतलेल्या जबाबात अशी एकही मोकळी जागा नव्हती.

पाऊण तास चाललं हे. मी एवढी थक्क कधी झाले नव्हते, आणि त्या थक्क होण्यात भीतीही होती. ज्याला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, ज्याला दिवस कुठला हे सांगणारं कोणी नव्हतं, अशा माणसाने चौदा महिने, तापातले सातही मोजणीत धरून, एक दिवसही हातचा जाऊ दिला नव्हता. मालकाने पासपोर्ट घेतला, बोटं घेतली, झोप घेतली. तिथी घेता आली नाही. त्याला ती आहे हेच माहीत नव्हतं. आणि रत्नागिरीचं पाणी आणि डोनेगलच्या खालचं पाणी एकाच चंद्रामागे चालतं, हे शाळेत भूगोलात शिकून मी कधी मनात आणलं नव्हतं, ते मी त्या खोलीत डोळ्यांनी पाहिलं.

माघापाशी आल्यावर काकांनी हात पुन्हा खिशात घातला. "मग फाल्गुनातली पुनव," ते म्हणाले. "आलो."

बाईंच्या कागदावर खुणांची लांब रांग झाली होती.  मग त्यांनी विचारलं, एवढं कशासाठी लक्षात ठेवलंत? कधीतरी साक्ष द्यावी लागेल म्हणून?

काकांनी विचार केला. "नाय. साक्ष कोन घेनार होतं? नवीन लग्न झालेली लेक घरी. अधिक येनार होता. अधिकात जावयाला बोलवायचा असतो, अनारशे वाढायचे असतात. कधी लागतो ते कळाया नको?"

हे भाषांतर करताना मी रडले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, एक स्वतःही घेतला, आणि म्हणाल्या, "माझा विश्वास आहे, त्यांना सांगा. चौदा महिने असं मी लिहितेय."

सही करताना काकांनी डाव्या हाताने नाव लिहिलं. शेजारी तारखेची चौकट होती. त्यात त्यांनी सावकाश, देवनागरीत लिहिलं: ज्येष्ठ वद्य तृतीया. मी पुढे होऊन दुरुस्त करायला निघाले, तर बाईंनी हाताने मला अडवलं. त्याखाली बारीक अक्षरात त्यांनी स्वतः तारीख घातली.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. एकदा नाही, चारपाच वेळा. काका पहिल्यांदाच मला एकेरीत बोलले. "जाऊ दे, बाय. तुज्या त्या यंत्राला अधिक शिकव म्हंजे झालं."

त्या संध्याकाळी काकांनी खोली देणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना सांगितलं की आपण विद्यार्थी नाही. बाई म्हणाल्या की ते त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, सकाळी साडेपाचला उठणारा विद्यार्थी त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि पुन्हा विचारलं, आज कसं झालं? काका म्हणाले, "ग्रँड."

पुढचं व्हायला वेळ लागला. तपास, वकील, कागदावर कागद. मालकाला शेवटी चौदा महिने कबूल करावे लागले. पासपोर्ट एका मोठ्या पाकिटातून आला, तेव्हा काकांनी तो उघडून आधी आपलं नाव वाचलं, मोठ्याने. दोन पावसाळे त्यांनी स्लायगोतच काढले, मग घरी गेले.

मी आता डब्लिनमध्ये, सँडीफोर्डला नोकरी करते. एक्सेलबद्दल पूर्वीसारखं बोलत नाही. गेल्या महिन्यात सकाळी लुआस ट्राममधून उतरत होते तेव्हा व्हिडिओ कॉल आला. तिकडे जेवणाची वेळ होती. पाटावर जावई बसलेला, संकोचून लाल झालेला, शेजारी लेक, आणि काका मोठ्या थाळीतून त्याच्या पानात अनारसे ठेवत होते. ज्येष्ठ अधिक लागला होता. मला ठाऊक होतं. आई सांगायच्या आधी मला ठाऊक होतं.

"तेहतीस वाढायचे, बाय," काका म्हणाले. "नीट बग, चुकलो तर सांग."

ते मोजत होते. एकेक अनारसा, अंगठा पेरावर, मग पुढच्या. करंगळीपाशी अंगठा हवेत टेकला आणि पुढे गेला. स्टेशनच्या गर्दीत लोक मला चुकवून जात होते आणि मी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होते. तेहतीस झाले. जावई पान सावरायला लागला तर काकांनी त्याला थांबवलं, थाळीतला आणखी एक अनारसा उचलला आणि त्याच्या पानात जरा वेगळा ठेवला.

"ह्यो मागच्या अधिकाचा," ते म्हणाले. "तो बी धरायचा."